टीसीएल टाकूनही विहिरीचं पाणी पुन्हा पुन्हा ‘पिण्यास अयोग्य’ येतंय? या क्रमाने तपासा

विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकली जाते. आठ-दहा दिवस सगळं ठीक चालतं आणि पुढचा नमुना पुन्हा दूषित येतो. मग आणखी टीसीएल, आणखी एक नमुना, आणि निकाल तोच. पहिल्या दोन-तीन जोरदार पावसांनंतर हा प्रकार सर्वात जास्त दिसतो. अशा वेळी पावडर वाढवण्याआधी घाण नेमकी कुठून आत येते आहे ते शोधावं लागतं. खालची तपासणी फुकटच्या गोष्टींपासून सुरू होते आणि खर्चाच्या गोष्टींकडे जाते. क्रम मोडू नका, कारण बऱ्याचदा दोष पहिल्या चार पायऱ्यांतच सापडतो.

लक्षणं

यातलं एक जरी लागू होत असेल, तरी पुढे वाचा.

- प्रयोगशाळेचा जैविक अहवाल ‘अयोग्य’ येतो, टीसीएलनंतर सुधारतो आणि पुन्हा बिघडतो.
- एच टू एस बाटलीतलं (घरच्या घरी जंतू तपासायच्या चाचणीच्या बाटलीतलं) पाणी २४ ते ४८ तासांत काळं पडतं.
- संध्याकाळी टीसीएल टाकल्यावर ओटी चाचणीत (पाण्यात शिल्लक राहिलेला क्लोरीन रंगावरून दाखवणाऱ्या चाचणीत) पिवळा रंग येतो, सकाळी काहीच येत नाही.
- पाऊस पडून गेल्यावर काही तासांतच विहीर गढूळ होते.
- विहिरीचं पाणी चांगलं येतं, पण स्वयंपाकघरातल्या नळाचं खराब येतं.
- घरातल्या लहान मुलांना वरचेवर जुलाब होतात, किंवा वस्तीत गॅस्ट्रो, कावीळ, टायफॉईडचे रुग्ण निघतात.

बादलीवर तांबडे डाग पडत असतील तर ते लोह आहे, भांड्यांवर पांढरा थर येत असेल तर तो क्षार. ते वेगळे दोष आहेत, त्यांचा इलाज टीसीएल नाही. आणखी एक गैरसमज फार पसरला आहे. टीडीएस मीटर जंतू दाखवत नाही. १५० टीडीएसचं गोड पाणीही मैलामिश्रित असू शकतं.

१. आधी नमुना तपासा

खर्च शून्य, म्हणून हे पहिलं. भारतीय मानक १०५०० नुसार १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारा जंतू, एकही चालत नाही. निकष इतका कडक असताना हात लागलेलं झाकण किंवा पाण्याची रिकामी प्लास्टिक बाटली अख्खा निकाल बिघडवू शकते. प्रयोगशाळेने दिलेली निर्जंतुक बाटलीच वापरा आणि ती धुऊ नका. आत चिमूटभर पांढरी पूड दिसली तर ती सोडियम थायोसल्फेट असते. ती पाण्यातला क्लोरीन तिथेच थांबवते, नाहीतर वाटेत जंतू मरत राहतात आणि निकाल खोटा चांगला येतो. नळ दोन-तीन मिनिटं वाहू द्या, तोटीच्या आतून बोट फिरवू नका. बाटली बर्फाच्या डब्यातून शक्यतो सहा तासांत पोचवा. सकाळी घेतलेला नमुना दुपारभर मोटारसायकलच्या डिकीत राहिला असेल, तर त्या अहवालावरून कुठलाच निर्णय घेऊ नका.

घरी एच टू एस बाटली वापरत असाल तर ती टीसीएल टाकण्याच्या आधी भरा, म्हणजे पाण्यात क्लोरीन शिल्लक नसताना. खुणेपर्यंतच भरा, उबदार जागी ठेवा. काळी झालेली बाटली मोरीत ओतू नका. तिच्यात जंतूंची वाढ झालेली असते. टीसीएलचं दाट पाणी ओतून ती अर्धा तास ठेवा, मग फेका.

२. तीन ठिकाणी तपासा: विहीर, टाकी, नळ

दोष विहिरीत आहे की घरात, हे एका सकाळी भरलेल्या बाटल्यांवरून कळतं. तिन्ही ठिकाणचं पाणी वेगवेगळ्या एच टू एस बाटल्यांत घ्या. विहीर स्वच्छ आणि नळ काळा, तर विहिरीला हात लावायची गरजच नाही. टाकीचं झाकण, ओव्हरफ्लोच्या तोंडाची फाटलेली जाळी, तळाचा गाळ आणि विहिरीपासून घरापर्यंतची पाइपलाइन बघा. पाइप गटारातून किंवा मोरीखालून गेला असेल तर संशय तिथेच घ्या. मोटर बंद झाली की पाइपमधलं पाणी मागे ओढलं जातं आणि सैल जोडातून बाहेरची घाण आत शोषली जाते. टाकी घासून, वॉशआउटने गाळ काढून, पुन्हा भरा. हजार लिटरला २०० ग्रॅम टीसीएलची निवळी, म्हणजे पावडर पाण्यात कालवून निवळल्यावरचं वरचं पाणी, टाका. प्रत्येक नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडा, मग बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी सगळं पाणी सोडून द्या. हे पाणी पिऊ नका आणि जनावरांनाही पाजू नका.

विहिरीचीच बाटली काळी झाली, तर पुढे चला.

३. पावडर जिवंत आहे का?

ताज्या टीसीएलमध्ये साधारण ३३ टक्के उपलब्ध क्लोरीन असतो. पोतं उघडलं, हवा, ऊन, दमट भिंत लागली की तो उडून जातो आणि मागे चुनाच राहतो. २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर पाण्यासाठी वापरू नये. डोळ्यांना ती तशीच पांढरी दिसते, म्हणून फसगत होते. गोळे झालेली, ओलसर, वास न मारणारी पावडर संशयास्पद समजा. खात्रीसाठी उकळून गार केलेल्या पाण्याचे दोन ग्लास घ्या. एकात जुन्या पावडरची निवळी, दुसऱ्यात नव्या पाकिटाची, दोन्ही अगदी सारख्या मापाने, दोन-तीन थेंबच टाका. दोन्हींची ओटी चाचणी करा. जुन्याचा पिवळा रंग स्पष्टच फिका असेल तर ते पोतं पिण्याच्या पाण्यापासून दूर ठेवा.

नवी पावडर लहान पाकिटांत घ्या आणि घट्ट झाकणाच्या प्लास्टिक डब्यात ठेवा. रासायनिक खत, रॉकेल आणि संडास साफ करायचं ॲसिड तिच्याजवळ ठेवू नका. ॲसिड आणि टीसीएल एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि तो बंद खोलीत जीव घेऊ शकतो.

४. मात्रा: इथेच सर्वात जास्त चुका होतात

‘दोन ओंजळी टाका’ या हिशेबाने चालत नाही. विहिरीत पाणी किती, हे आधी काढा. गोल विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजा, त्याला व्यासानेच गुणा, मग पाण्याच्या खोलीने आणि शेवटी ७८५ ने गुणा. उत्तर लिटरमध्ये येतं. ३ मीटर व्यास आणि ४ मीटर पाणी असेल तर ३ × ३ × ४ × ७८५ म्हणजे सुमारे २८,२०० लिटर. शेतातली ६ मीटर व्यासाची विहीर, ५ मीटर पाणी, तर तेच १,४१,००० लिटरवर जातं. दोन्हींत ओंजळभरच पावडर पडत असेल तर दुसरीत तिचा काहीच परिणाम होत नाही. पाण्याची खोली दोरीला दगड बांधून मोजा आणि पावसाळ्यात दर आठवड्याला पुन्हा मोजा, कारण पातळी झपाट्याने वाढते.

नेहमी सांगितली जाणारी मात्रा म्हणजे चांगल्या पावडरीचे हजार लिटरला २.५ ग्रॅम. स्वच्छ पाण्याला ती पुरते. पण पाण्यात माती, पालापाचोळा, मैला असेल तर क्लोरीन आधी त्यावर खर्च होतो आणि जंतूंसाठी उरतच नाही. संध्याकाळी पिवळा आणि सकाळी पांढरा रंग येण्याचं हे नेहमीचं कारण. म्हणून आपल्या पाण्याची मागणी आपणच काढायची.

१ लिटर पाण्यात ४० ग्रॅम टीसीएल ढवळून दहा मिनिटं निवळू द्या. चार स्वच्छ बादल्यांत विहिरीचं प्रत्येकी १० लिटर पाणी घ्या. औषधाच्या दुकानातल्या बिनसुईच्या सिरिंजने वरची निवळी अनुक्रमे १, २, ३ आणि ५ मिलिलिटर टाका. ढवळा, झाका, अर्धा तास थांबा. मग ओटी चाचणी करा. ज्या सर्वात कमी मात्रेच्या बादलीत लिटरला ०.५ मिलिग्रॅम क्लोरीनचा रंग दिसतो, ती आपली मात्रा. तिच्या मिलिलिटरला ४ ने गुणलं की हजार लिटरला किती ग्रॅम पावडर लागते ते मिळतं. दुसऱ्या बादलीत रंग आला तर ८ ग्रॅम, म्हणजे वरच्या २८,२०० लिटरच्या विहिरीला सुमारे २२५ ग्रॅम. या पद्धतीत पावडर २५ टक्क्यांची की ३० टक्क्यांची, याची चिंता नको. ज्या पावडरने चाचणी केली तीच विहिरीत जाणार असल्याने हिशेब आपोआप जुळतो.

पाचव्या मिलिलिटरलाही रंग आला नाही, तर टीसीएल वाढवत बसू नका. एवढी मागणी म्हणजे आत सतत घाण येते आहे. थेट सहाव्या पायरीवर जा.

ओटी चाचणीबद्दल दोन गोष्टी. आधी टीसीएल न टाकलेल्या पाण्याची एक चाचणी करा. पाण्यात लोह, मँगनीज किंवा नायट्राइट असेल तर क्लोरीन नसतानाही पिवळसर छटा येते. रंग पहिल्या दहा सेकंदांतच वाचा. उशिरा येणारा रंग संयुक्त क्लोरीनचाही, म्हणजे पाण्यातल्या अमोनियासारख्या पदार्थांशी जोडल्या गेलेल्या क्लोरीनचाही असतो, आणि तो जंतू मारायला फार दुबळा आहे. चाचणीचं पाणी पिण्याच्या भांड्यात परत ओतू नका, ओटीचं रसायन विषारी आहे.

५. टाकायची पद्धत

कोरडी पावडर वरून भिरकावली तर ती एका जागी पडते, चुना तळाला बसतो आणि पाणी जड होत जातं. हातमोजे घालून, मोकळ्या जागेत, एका बादलीत १०० ग्रॅमपेक्षा जास्त न घेता आधी थोड्या पाण्यात चटणीसारखी कालवा. मग पाऊण बादली पाणी घालून ढवळा, दहा मिनिटं निवळू द्या. फक्त वरचं पाणी दुसऱ्या बादलीत घ्या. खालचा साका विहिरीत जाता कामा नये. निवळीची बादली दोरीने पाण्याखाली सोडून वर-खाली आणि बाजूंनी हलवा. हे रात्री, शेवटचं पाणी भरून झाल्यावर करा, कारण ऊन क्लोरीन खातं आणि मोटर चालू असली तर टाकलेली निवळी लगेच ओढली जाते. निदान एक तास पाण्याला हात लावू नका.

पाणी गढूळ असेल तर विहिरीत टीसीएल टाकून भागत नाही, कारण मातीच्या कणांच्या आड जंतू लपतात. पिण्यापुरतं पाणी वेगळं काढा. २० लिटरच्या हंड्यात १ ग्रॅम तुरटी विरघळवून ढवळा, रात्रभर निवळू द्या, वरचं पाणी काढून मगच क्लोरीन टाका किंवा उकळा.

रोज वापरात असलेल्या विहिरीत नवं पाणी सतत पाझरतं, त्यामुळे एकदा टाकलेला क्लोरीन फार तर दिवसभर टिकतो. घरगुती छोट्या विहिरीसाठी नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेची दोन मडक्यांची पद्धत चांगली आहे. आतल्या मडक्यात १ किलो टीसीएल आणि २ किलो जाड वाळू ओलसर कालवून भरायची. दोन्ही मडक्यांना एकेक सेंटिमीटरचं भोक, बाहेरच्या मडक्याचं तोंड प्लास्टिकने बांधलेलं, आणि सगळं पाण्याच्या पातळीखाली किमान १ मीटर टांगलेलं. सुमारे ४,५०० लिटर पाण्याच्या आणि दिवसाला ३६० ते ४५० लिटर उपसा असलेल्या विहिरीला ते दोन-तीन आठवडे पुरतं. याहून मोठ्या विहिरीला त्याचा भरवसा नको. तिथे विहिरीऐवजी घरच्या टाकीत मापून क्लोरीन टाकणं स्वस्त आणि खात्रीचं पडतं. शेवटच्या नळाला ०.२ मिलिग्रॅम शिल्लक क्लोरीन दिसायला हवा.

६. विहिरीचं तोंड आणि वरचं बांधकाम

आता विहिरीपाशी जा आणि सकाळभर नुसतं बघा. कपडे कुठे धुतात, गुरं कुठे पाणी पितात, सांडलेलं पाणी कुठे जातं? पोहरा जमिनीवर ठेवून पुन्हा आत सोडला जातो का? एका दोरीला आणि एका पोहऱ्यालाच विहिरीची परवानगी असावी, आणि तो टांगलेला असावा.

भोवती किमान १ मीटर रुंद, बाहेर उतार असलेला ओटा हवा, त्याच्या कडेने पाणी दूर नेणारी नाली हवी आणि ७५ सेंटिमीटर उंच कठडा हवा. ओट्याला केसाएवढी चीर असली तरी मोरीचं पाणी तिथून उतरतं. मोटरचा पाइप आणि केबल आत जाण्यासाठी कठड्याला किंवा बांधकामाला पाडलेलं भोक तर हमखास उघडं असतं, आणि उंदीर-बेडूकही तिथूनच आत जातात.

मग दुपारी बारा-साडेबाराला, ऊन डोक्यावर असताना, एक मोठा आरसा घेऊन उन्हाची तिरीप विहिरीच्या आतल्या भिंतीवर फिरवा. बॅटरीपेक्षा हे जास्त दाखवतं. कोरड्या भिंतीवर ओलसर काळा ओघळ, त्याच्या कडेला शेवाळाची हिरवी रेघ, पांढऱ्या क्षाराचे पट्टे, दगडांच्या सांध्यांतून आलेली मुळं ही आत येणाऱ्या वाटांची चिन्हं आहेत. पाऊस पडून दोन तासांनी पुन्हा बघा. पाण्याच्या पातळीच्या वर कुठेही धार किंवा ठिबक दिसली, तर ती जमिनीवरची घाण आहे. ती झऱ्याचं पाणी नव्हे.

दुरुस्ती वरून होते आणि फार महाग नसते. बांधकामाभोवती बाहेरून अर्धा फूट ते एक फूट रुंद चर खणून त्यात चिकणमाती थरावर थर चोपून भरा, त्यावर ओट्याचं काँक्रीट घाला. आतल्या बाजूने वरचे सांधे एकास तीन सिमेंट-वाळूने, जलरोधक मिसळून भरा. आदर्श विहिरीला वरचं ६ मीटर बांधकाम पाणी न झिरपणारं असावं लागतं. खालच्या झऱ्यांच्या जागा मात्र बुजवू नका, तिथूनच विहिरीला पाणी येतं. आत उतरून करायचं काम गवंड्याचं आहे, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

७. शोषखड्डा, गोठा, उकिरडा

सर्वसाधारण नियम असा की शौचालयाचा खड्डा विहिरीपासून किमान १५ मीटर लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला असावा. पण महाराष्ट्राच्या बहुतेक भागात खाली बेसाल्ट आहे आणि कोकणात जांभा. माती पाणी गाळते, पण भेगाळलेला काळा पाषाण आणि पोकळ्यांचा जांभा ते नळासारखं पुढे नेतात. तिथे २५ मीटरवरचा खड्डाही विहिरीत उतरू शकतो. पावसाळ्यात भूजल वर येऊन खड्ड्याच्या तळाला भिडतं, तेव्हा हा त्रास अचानक सुरू होतो आणि दिवाळीनंतर आपोआप थांबतो. फक्त जुलै ते ऑक्टोबर नमुने खराब येत असतील, तर खड्ड्यावर संशय घ्या.

खात्री करायला दोन नमुने द्या. एक आपल्या विहिरीचा आणि एक वरच्या अंगाच्या, वस्तीपासून दूर असलेल्या विहिरीचा. दोन्हींत नायट्रेट, क्लोराइड आणि अमोनिया मागा. आपल्या विहिरीत तिन्ही ठळकपणे जास्त असतील तर सांडपाणी येतं आहे. नुसतं नायट्रेट वाढलं असेल तर शेतातलं खतही कारण असू शकतं. नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम आहे, सवलत नाही. ते टीसीएलने जात नाही आणि उकळल्याने उलट वाढतं. सहा महिन्यांखालच्या बाळाच्या दुधासाठी असं पाणी अजिबात वापरू नका.

उकिरडा हलवणं सोपं, गोठ्याची नाली वळवणं मध्यम, खड्डा हलवणं खर्चाचं. याच क्रमाने करा. प्रत्येक बदलानंतर दोन-तीन आठवडे थांबून नमुना घ्या, म्हणजे कशाचा उपयोग झाला ते कळेल.

८. आत येणारी वाट बंद झाल्यावरच जोराची मात्रा

शॉक मात्रा म्हणजे हजार लिटरला २०० ग्रॅम टीसीएल. भोकं बुजवण्याआधी ती दिली तर पैसे वाया जातात. पूर्ण भरलेल्या विहिरीला ती झेपत नाही म्हणून आधी उपसा करून पाणी १ मीटरवर आणा. ३ मीटर व्यासाच्या विहिरीत मग ७,००० लिटर राहतात आणि सुमारे १.४ किलो पावडर लागते. निवळी टाकून मोटरच्या पाइपने तेच पाणी भिंतींवरून फिरवा, म्हणजे सांध्यांतला चिकट थर धुतला जातो. १२ ते २४ तास ठेवा, मग उपसून मोकळ्या जमिनीवर सोडा. ओढ्यात सोडलं तर मासे मरतात. ओटी चाचणीत क्लोरीन १ मिलिग्रॅमच्या खाली आल्यावरच पाणी भरायला सुरुवात करा. भर पावसाळ्यात जुन्या दगडी विहिरीचा उपसा एकदम करू नका. बाहेरची भिजलेली माती आत दाब देते आणि बांधकाम ढासळतं.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

विहिरीत उतरू नका. गाळ काढायला, फूट व्हॉल्व्ह सोडवायला, सांधे भरायला, कशालाच नाही. तळाशी कार्बन डायऑक्साइड किंवा हायड्रोजन सल्फाइड साचतो, प्राणवायू कमी होतो, आणि पहिल्याला काढायला उतरलेला दुसराही तिथेच राहतो. पेटता कंदील सोडून केलेली परीक्षा पुरेशी नाही, कारण काही विषारी वायूंत तो जळतच राहतो. डिझेल पंप आत ठेवून चालवणं तर सरळ मृत्यूला बोलावणं. हे काम दोर, पट्टा, हवा मापायचं यंत्र आणि वर माणसं असलेल्या अनुभवी पथकाचं आहे.

भिंतीला मोठी चीर, एका बाजूला झुकलेलं बांधकाम किंवा कठड्याजवळ खचलेली जमीन दिसली तर दोरीने जागा बंद करा आणि बांधकाम अभियंत्याला बोलवा. पाण्याला रॉकेल, डिझेल किंवा कीटकनाशकाचा वास आला तर वापर त्याच क्षणी बंद करा. क्लोरीन आणि उकळणं दोन्ही निरुपयोगी आहेत. एकाच वस्तीत दोन-चार घरांत पातळ जुलाब सुरू झाले, तर चाचण्या करत बसू नका. प्राथमिक आरोग्य केंद्राला आणि ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला त्याच दिवशी कळवा, आणि पाणी खळखळून उकळूनच प्या. सगळं करूनही विहीर सुधारत नसेल, तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयातल्या भूवैज्ञानिकाला जागा दाखवा. नवी विहीर कुठे घ्यायची की हीच फक्त वापरायच्या पाण्यासाठी ठेवायची, हे ते खडक बघून सांगतात.

घरात यूव्ही किंवा आरओ यंत्र लावायचा विचार असेल, तर तो वरच्या दुरुस्त्यांनंतर करा. गढूळ पाण्यात यूव्हीचा प्रकाश पोचत नाही, आणि नुसता कँडल किंवा कार्बन फिल्टर जंतू मारत नाही. दुरुस्ती संपल्यावर एक आठवड्याच्या अंतराने दोन नमुने द्या. दोन्ही चांगले आले तरी तिसरा नमुना पुढच्या पावसाळ्यातल्या पहिल्या मोठ्या पावसानंतर दोन दिवसांनी घ्या, कारण दुरुस्तीची खरी परीक्षा तेव्हाच होते.